कोट आणि कान्नाई: मुंबई-योकोहामाच्या बहीणनात्याबद्दल

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. नववीच्या वर्गाला त्यांनी ‘मुंबई आणि तिचं भगिनी शहर योकोहामा’ असा प्रकल्प दिला. मुलांनी दोन्ही शहरांची लोकसंख्या, हवामान, प्रेक्षणीय स्थळं असं सगळं गोळा केलं. पण ‘मग या दोघींचं नातं काय?’ असं विचारल्यावर वर्ग गप्प झाला. करार याच शहराशी का झाला, भगिनी शहर म्हणजे नेमकं काय आणि साठ वर्षांत त्यातून निघालं काय, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. मी बावीस वर्षं जपानी-मराठी दुभाषाचं काम करतो. योकोहामाहून आलेल्या पाहुण्यांना मुंबईचा कोट भाग पायी दाखवलाय आणि इथल्या मंडळींना घेऊन योकोहामाच्या बंदरात फिरलोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली विनंती अशी, की सुरुवात करारापासून करू नका. करार १९६५चा आहे आणि नातं त्याच्या कितीतरी आधीचं. सुरुवात नकाशापासून करा.

बृहन्मुंबई महापालिकेचं क्षेत्रफळ सुमारे ४३७ चौरस किलोमीटर आहे. योकोहामा शहराचंही सुमारे ४३७च. हा निव्वळ योगायोग आहे, पण मुलांसाठी फार उपयोगाचा. तेवढ्याच जागेत योकोहामात सुमारे ३७-३८ लाख माणसं राहतात, तर मुंबईत २०११च्या जनगणनेत १ कोटी २४ लाखांहून जास्त नोंदली गेली. एकाच मापाच्या दोन खोल्या, एकीत चौघं आणि दुसरीत तेरा जण. पाहुणे चर्चगेटच्या फलाटावर संध्याकाळी सहाला उभे राहिले की हा फरक मला वेगळा सांगावा लागत नाही.

दोन्ही शहरांची जमीन समुद्राकडून घेतलेली आहे, आणि ती घेण्याची रीतही सारखीच. मुंबईची सात बेटं सगळ्यांना पाठ असतात: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. भरतीच्या वेळी वरळी आणि महालक्ष्मीच्या मधल्या खाचेतून पाणी आत घुसायचं आणि बेटांमधला सखल भाग बुडायचा. ती खाच अडवणारा बांध अठराव्या शतकाच्या शेवटी, हॉर्नबी गव्हर्नर असताना घातला गेला. त्याच्या आतल्या पाणथळ जागेवर आजचं मध्य मुंबईचं पोट उभं आहे. योकोहामा या नावाचा अर्थ ‘आडवा किनारा’. एका खाडीच्या तोंडाशी वाळूचा आडवा दांडा होता, त्यावर शंभरेक घरांचं कोळी-शेतकऱ्यांचं गाव. दांड्यामागची खाडी घंटेच्या आकाराची होती. एदो, म्हणजे आजच्या तोक्यो शहरातल्या योशिदा कान्बेई नावाच्या लाकडाच्या व्यापाऱ्याने १६५६मध्ये ती बुजवायला घेतली आणि ११ वर्षांनी, १६६७मध्ये, तिथे भातखाचरं उभी राहिली. आजचं योकोहामाचं जुनं शहर या खाचरांवर आणि त्या वाळूच्या दांड्यावर आहे. म्हणजे इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट वार्षिक दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिलं (ते १६६८) त्याच्या आदल्याच वर्षी योकोहामाची खाडी जमीन झाली होती. दोन्ही शहरांच्या जन्माच्या नोंदी अशा शेजारी शेजारी आहेत.

आणखी एक साम्य मला फार महत्त्वाचं वाटतं. दोन्ही शहरं दुसऱ्या पसंतीची होती. कंपनीचं खरं ठाणं सुरत होतं. मुंबई पोर्तुगिजांकडून लग्नातल्या देणगीत आलेली, रोगट हवेची, दलदलीची जागा, आणि सुरतेहून मुख्य कारभार इथे आला तो १६८७मध्ये. तिकडे १८५८च्या तहात परदेशी व्यापारासाठी बंदर म्हणून नाव होतं कानागावाचं. कानागावा एदो ते क्योतो या राजरस्त्यावरचा गजबजलेला मुक्काम. परदेशी लोक त्या रस्त्यावर नकोत म्हणून शोगुनच्या, म्हणजे जपानच्या तेव्हाच्या लष्करी शासकाच्या, अधिकाऱ्यांनी खाडीपलीकडचं आडवळणाचं योकोहामा पुढे केलं आणि तिथे घाईघाईने धक्के, जकातघर, रस्ते बांधून टाकले. १८५९मध्ये बंदर खुलं झालं. परदेशी राजदूतांनी तक्रारी केल्या, पण व्यापारी मात्र तिथेच राहिले, कारण पाणी खोल होतं आणि जहाजांना आसरा चांगला होता. ज्या जागेला कुणी विचारत नव्हतं तिथे नशीब काढायला आलेली माणसं गोळा झाली. कुठल्याही मुंबईकराला ही गोष्ट ओळखीची वाटेल.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. आपले आजोबा ‘कोटात जाऊन येतो’ म्हणायचे. कोटाची भिंत १८६०च्या दशकात, बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना पाडली गेली, पण बोलण्यातला कोट राहिला. तटाला तीन दरवाजे होते. त्यातला एक सेंट थॉमसच्या देवळाकडे, म्हणजे चर्चकडे जाणारा. दरवाजा गेला, नाव स्टेशनला उरलं: चर्चगेट. योकोहामात परदेशी वस्तीभोवती पाणी होतं आणि पुलांवर चौक्या. योशिदा पुलावर तलवार घेऊन कुणी आत जात नाही ना, हे तपासलं जायचं. चौकीच्या आतला भाग ‘कान्नाई’, शब्दशः ‘नाक्याच्या आत’. चौकी १८७१मध्ये काढली. नाव स्टेशनला उरलं: कान्नाई. मी योकोहामाच्या पाहुण्यांना चर्चगेटसमोर उभं करून एवढंच सांगतो, की हे आमचं कान्नाई. त्यानंतर दिवसभर मला काही समजावून सांगावं लागत नाही. ते स्वतःच विचारतात: मग साहेब लोक कुठल्या टेकडीवर राहायचे? आमची मलबार हिल, त्यांची यामाते. आग लागली होती का? इथे १८०३, तिथे १८६६. आगीनंतर मोकळी जागा सोडली का? इथली मैदानं कोटावरून तोफा डागायला मोकळी ठेवलेली आणि आगीनंतर आणखी रुंद केलेली. तिथे आगीनंतर परदेशी आणि जपानी वस्तीच्या मधून निहोन ओदोरी नावाचा रुंद रस्ता आखला गेला, की पुढची आग एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाऊ नये. त्या आखणीतला ब्रंटन हा मूळचा दीपगृहं बांधणारा इंजिनिअर.

रेल्वेचं तर मुलांना सांगायलाच हवं. भारतातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली, ३४ किलोमीटर. जपानमधली पहिली १८७२च्या ऑक्टोबरमध्ये तोक्योच्या शिंबाशीहून योकोहामाला, २९ किलोमीटर. दोन्ही देशांची रेल्वे या दोन शहरांपासून सुरू झाली, कारण माल बंदरात यायचा. आपल्याकडे घाट चढून वऱ्हाड-खानदेशचा कापूस आणायचा होता. तिकडे गुन्मा आणि नागानोच्या डोंगराळ गावांतलं रेशीम. शेतकऱ्याच्या घरात रेशीमकिडे तुतीची पानं खायचे आणि त्या सुतावर योकोहामाच्या पेढ्या उभ्या राहायच्या. मुंबईच्या पेढ्या कपाशीवर. बंदराच्या मागे शेत असतं हे मुलांच्या प्रकल्पात सहसा येत नाही, ते आवर्जून घाला.

पाण्याचीही गोष्ट तशीच. भराव घातलेल्या जमिनीत विहीर खणली तर पाणी मचूळ लागतं. मुंबईने १८६०मध्ये विहार तलाव बांधला, योकोहामाने १८८७मध्ये डोंगरातल्या नदीचं पाणी नळाने आणलं. जपानमधली ती पहिली आधुनिक नळयोजना.

आता ‘हे नातं कापसाचं आहे’ असं जे सांगितलं जातं त्याबद्दल. ते अर्धं खरं आहे. जमशेटजी टाटा १८९३मध्ये जपानला गेले तेव्हा मुंबईहून पूर्वेकडे जाणाऱ्या कापसाची वाहतूक काही युरोपीय जहाज कंपन्यांच्या मुठीत होती आणि त्यांत पी अँड ओ ही ब्रिटिश कंपनी सर्वांत मोठी. टाटांनी निप्पॉन यूसेन काइशा या जपानी कंपनीशी हातमिळवणी केली. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला ‘हिरोशिमा मारू’ हे जहाज मुंबईसाठी निघालं. जपानची ही पहिली दूरच्या पल्ल्याची नियमित जहाजसेवा. पण ते निघालं कोबेहून. गिरण्या ओसाकाच्या आसपास होत्या, म्हणून मुंबईचा कापूस मुख्यतः कोबेत उतरायचा. स्पर्धा इतकी पेटली की टनाला सतरा रुपये असलेलं भाडं पी अँड ओने दीड रुपयापर्यंत खाली आणलं. टाटांना त्यातून अंग काढून घ्यावं लागलं, जपानी कंपनी मात्र टिकली. तिचं सागरी संग्रहालय योकोहामाच्या बंदराजवळ होतं, ते २०२३मध्ये दीर्घकाळासाठी बंद झालं, आणि तिचंच १९३०चं ‘हिकावा मारू’ हे जहाज यामाशिता उद्यानासमोर कायमचं नांगरलेलं आहे.

योकोहामाशी मुंबईचा थेट धागा वेगळा आहे, आणि तोही १८९३चाच. त्या वर्षी ३१ मे रोजी स्वामी विवेकानंद मुंबईहून बोटीने निघाले. कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग, मग नागासाकी, कोबे, ओसाका, क्योतो, तोक्यो करत ते योकोहामाला पोहोचले. १४ जुलैला तिथून ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या बोटीने ते व्हँकुव्हरला गेले. त्या प्रवासात जमशेटजी त्यांचे सहप्रवासी होते. पाच वर्षांनी, नोव्हेंबर १८९८मध्ये, विज्ञान संशोधन संस्थेची कल्पना मांडताना जमशेटजींनी स्वामींना जे पत्र लिहिलं त्यात या सहप्रवासाची आठवण आहे. पुढे ती संस्था १९०९मध्ये बंगळुरूला उभी राहिली. मुंबई सोडलेली दोन माणसं योकोहामाच्या धक्क्यावरून एकाच बोटीत चढली. वर्गात सांगायला मला तरी याहून चांगली गोष्ट सापडलेली नाही.

खुद्द योकोहामात भारतीय व्यापारी राहत होते, त्यात सिंधी पेढ्यांचा मोठा भरणा होता. ते रेशमी कापडाचा व्यापार करायचे. १ सप्टेंबर १९२३ला दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना भूकंप झाला. घराघरांत स्वयंपाकाचे विस्तव पेटलेले होते. इमारती कोसळल्या आणि आगीने उरलेलं शहर घेतलं. एकट्या योकोहामात वीस हजारांवर माणसं गेली. वाचलेले भारतीय व्यापारी कोबेला निघून गेले. रेशमाचा व्यापारही त्यांच्यामागे कोबेला जाईल ही भीती योकोहामाला होतीच, म्हणून शहराने त्यांना परत बोलावलं, घरं-दुकानं उभारायला हात दिला. भूकंपाचा राडारोडा समुद्रात लोटून जे उद्यान केलं तेच यामाशिता उद्यान, १९३०मध्ये खुलं झालेलं. आणि त्या उद्यानात, १९३०च्या दशकाच्या अखेरीस, योकोहामातल्या भारतीयांनी शहराचे आभार आणि भूकंपात गेलेल्यांची आठवण म्हणून एक पाणपोई बांधून दिली. तिला ‘इंदो सुइतो’ म्हणतात. वर घुमट, आत नक्षीकाम केलेलं छत. आपल्याकडे देवळाबाहेर किंवा रस्त्यावर गेलेल्या माणसाच्या नावाने पाणपोई बांधतात, तीच रीत या लोकांनी तिथे नेली. जपानी माणसं तिला छान वास्तू म्हणून बघतात. मी मराठी मंडळींना तिथे नेतो तेव्हा त्यांना काही सांगावं लागत नाही. तहानलेल्यांसाठी कुणाच्या तरी आठवणीत ठेवलेलं पाणी, एवढं त्यांना बघताक्षणी कळतं.

नातं गोड गोड होतं असं मात्र मुलांना सांगू नका. १८८०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांचं सूत चीनच्या बाजारात आणि काही जपानलाही जायचं. जपानने मुंबईचाच कापूस नेला, स्वतःच्या गिरण्या उभ्या केल्या आणि चीनचा बाजार मुंबईच्या हातून काढून घेतला. मग जपानी कापड भारतात येऊ लागलं आणि गिरणगावात मंदीची झळ बसली. १९३३मध्ये सरकारने ब्रिटिश नसलेल्या सुती कापडावरचा आयातकर ७५ टक्क्यांवर नेला. उत्तर म्हणून जपानी सूतगिरण्यांनी भारतीय कापसावर बहिष्कार टाकला. त्याचा फटका मुंबईच्या गिरणीमालकाला नाही, वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला बसला. १९३४मध्ये तडजोड झाली. त्याच काळात फुजी निचिदात्सु हे जपानी भिक्षू भारतात आले, १९३३मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले, आणि त्यांच्या निप्पोन्झान म्योहोजी संघाचं मंदिर पुढे वरळीत झालं. आजही तिथे ढोलाच्या तालावर ‘नामु म्योहो रेंगे क्यो’ हा जप चालतो. कापडाच्या बाजारात भांडण आणि वर्ध्याला ही भेट, दोन्ही एकाच काळातलं.

मग युद्ध. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. पोटात दारूगोळा आणि कापसाच्या गासड्या, असा माल एकत्र भरलेला. शेकडो माणसं गेली, त्यांत आग विझवायला धावलेले ६६ अग्निशामक जवान होते. २९ मे १९४५ला योकोहामावर दिवसाढवळ्या अमेरिकी विमानांनी आगबाँब टाकले आणि शहराचा मध्यभाग पुन्हा जळाला. तेरा महिन्यांच्या अंतराने दोन्ही बंदरं आगीतून गेली. माझ्या एका फेरीत योकोहामाचे एक वृद्ध गृहस्थ होते. लहानपणी त्यांनी तो हल्ला पाहिला होता. डॉकच्या स्फोटाची हकीकत ऐकल्यावर त्यांनी एकच विचारलं: ‘आकाश दुपारीच काळं झालं होतं का?’ मी हो म्हणालो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

एवढं झाल्यावर करार. तारीख २६ जून १९६५. योकोहामाच्या बाजूने तेव्हा आसुकाता इचिओ हे समाजवादी महापौर होते. त्यांच्या शहराने पुढच्याच आठवड्यात, १ जुलैला, मनिला, ओडेसा आणि व्हँकुव्हर यांच्याशीही असंच नातं जोडलं. चारही मोठी बंदरं. सॅन दिएगो आणि लियों आधीच जोडलेली होती, त्यातलं लियों तर रेशमाचंच शहर. म्हणजे ‘मुंबईच का?’ याचं सरळ उत्तर असं, की योकोहामा जगभरातली आपल्यासारखी बंदरं शोधत होतं, आणि भारतात मुंबईखेरीज दुसरं नाव पुढे येण्याचं कारण नव्हतं. मुंबईचीही एकच बहीण नाही. जर्मनीचं स्टुटगार्ट १९६८पासून आहे.

शब्दाकडेही मुलांचं लक्ष वेधा. जपानीत भगिनी शहराला ‘शिमाई तोशी’ म्हणतात. ‘शिमाई’ लिहिताना एक अक्षर थोरल्या बहिणीचं आणि दुसरं धाकटीचं. चीनच्या बाजूला ही थोरली-धाकटी भानगड रुचली नाही, म्हणून १९७३मध्ये शांघायशी नातं जोडलं तेव्हा ‘यूको तोशी’, म्हणजे मित्रशहर, हा शब्द वापरला गेला. आपल्या मराठी ‘भगिनी’त थोरली-धाकटी ठरत नाही, त्यामुळे हा प्रश्न इथे कधी आला नाही.

करारात काय असतं? संस्कृती, शिक्षण, व्यापार यांत एकमेकांना मदत करू, एवढंच. पैसा ठरलेला नसतो, मुदत नसते, न्यायालयात दाद मागावी असं काही बंधन नसतं. मेट्रो किंवा अटल सेतूसाठी जपानकडून जी कर्जं आली ती जपान सरकारच्या संस्थेकडून, दोन देशांमधल्या व्यवहारातून आली आहेत. योकोहामा महापालिकेचा त्याच्याशी संबंध नाही. हा गोंधळ मी शिकलेल्या माणसांतही बघतो, तो मुलांच्या प्रकल्पात शिरू देऊ नका.

आणि एक अडचण दोन्ही बाजूंच्या रचनेतच आहे. योकोहामाचा महापौर लोकांनी थेट निवडलेला असतो आणि कारभारही त्याच्याच हातात असतो. मुंबईत १८८८च्या कायद्यापासून कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे आहेत, महापौर सभागृहाचा आणि शहराचा मानाचा प्रमुख. तिकडून महापौर येतो आणि विचारतो, ‘मग हे आपण करू या का?’ समोर बसलेल्या महापौरांना मनापासून हो म्हणायचं असतं, पण सही त्यांची नसते. मी अशा बैठकांत मधल्या खुर्चीवर बसलोय. दोघांचीही अडचण एकाच वेळी कळणारा मी एकटाच असायचो, आणि ते भाषांतरात बसवता येत नाही. साठ वर्षांत समारंभ बरेच झाले आणि कामं कमी, याचं मोठं कारण मला हे वाटतं.

तरी काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. योकोहामाने २०१५मध्ये, कराराला पन्नास वर्षं झाली तेव्हा, मुंबईत आपलं कार्यालय उघडलं. एका परक्या महापालिकेने दुसऱ्या देशातल्या शहरात माणसं बसवणं ही छोटी गोष्ट नाही. योकोहामात भारतीय कुटुंबं वाढली आहेत, त्यांच्या मुलांसाठी भारतीय अभ्यासक्रमाची शाळा आहे, आणि यामाशिता उद्यानात दिवाळीचा उत्सव भरतो, त्याच पाणपोईच्या आसपास.

पण मला विचाराल तर या नात्याचा खरा उपयोग अजून आपण केलेलाच नाही. बहिणीचं घर कसं चाललंय ते नीट बघणं, हा तो उपयोग.

१९६५चंच घ्या. त्या वर्षी आसुकातांच्या कारकिर्दीत योकोहामाने सहा मोठी कामं जाहीर केली: शहराच्या मध्यभागाची फेरमांडणी, कानाझावाच्या किनाऱ्याचा भराव, कोहोकुची नवी वस्ती, भुयारी रेल्वे, जलदगती रस्ते आणि बंदरावरचा पूल. त्याच वर्षीच्या जूनमध्ये, म्हणजे करार झाला त्याच महिन्यात, मुंबईत ‘मार्ग’ त्रैमासिकाचा एक अंक निघाला. त्यात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची योजना मांडली होती. पुढची नवी मुंबई तिच्यातून आली. दोन बहिणी एकाच वर्षी घराचा आराखडा मांडून बसल्या होत्या आणि एकमेकींना विचारलं मात्र नाही. योकोहामाची भुयारी रेल्वे १९७२मध्ये धावली आणि बंदरावरचा पूल १९८९मध्ये झाला. मुंबईची वाशीची खाडी १९७३मध्ये पुलाने जोडली गेली, आणि शिवडीहून समुद्र ओलांडायला जानेवारी २०२४ उजाडलं.

पुढचा टप्पा मला जास्त लागतो. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो अधिकृतपणे कधी मिटलाच नाही, गिरण्या मात्र मिटल्या. १९८३मध्ये योकोहामात बंदराजवळची मित्सुबिशीची जहाजगोदी दुसरीकडे हलवली आणि त्या जागेवर ‘मिनातो मिराई’चं काम सुरू झालं. नावाचा अर्थ ‘बंदराचं भविष्य’. दोन्हीकडे शहराच्या मध्यभागी उद्योगाची मोठी जमीन मोकळी झाली. योकोहामाने गोदी हलवण्याची बोलणी वर्षानुवर्षं आधी केली, सगळ्या जमिनीचा एकच आराखडा केला, किनारा लोकांसाठी राखला, जुन्या दगडी सुक्या गोद्या आणि लाल विटांची गुदामं जपली. मुंबईत १९९१च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा काही भाग मोकळ्या जागेसाठी आणि घरांसाठी द्यायचं ठरलं होतं. २००१च्या बदलानंतर तो हिशेब फक्त रिकाम्या जमिनीवर केला जाऊ लागला, आणि गिरण्यांच्या आवारात रिकामी जमीन होती किती? आज लोअर परळच्या पुलावर उभं राहून गिरणगाव शोधावं लागतं. मिनातो मिराईतही सगळं छान झालं असं नाही. कित्येक भूखंड वर्षानुवर्षं रिकामे राहिले, आणि गोदीतले कामगार तिथे राहायला आले असंही नाही. पण किनाऱ्यावर कुणीही जाऊन बसू शकतं. आपल्या पूर्व किनाऱ्यावरची बंदराची जमीन अजून पुष्कळ शिल्लक आहे, म्हणून हे आताच बघायला हवं.

शेवटची गोष्ट पावसाची. ही मी प्रत्येक गटाला सांगतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी शहरात शिरली. योकोहामाची मिठी म्हणजे त्सुरुमी नदी. काठावर दाट वस्ती, पूर नेहमीचे. त्यांनी शिन-योकोहामाजवळ नदीच्या काठाला मोठी सखल जागा पूर साठवायला राखली आणि तिच्यात ७० हजार प्रेक्षकांचं स्टेडियम खांबांवर उभं केलं. नदी चढली की पाणी ठरवून ठेवलेल्या उंचीवरून आत येतं आणि स्टेडियमखालून पसरतं. १२ ऑक्टोबर २०१९ला हागिबिस वादळ आलं. नदीचं नऊ लाख घनमीटरहून जास्त पाणी त्या जागेत साठलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच स्टेडियममध्ये, खाली पाणी असताना, रग्बी विश्वचषकातला जपान-स्कॉटलंड सामना झाला. जपान २८-२१ने जिंकला. मैदानही राहिलं आणि नदीलाही जागा मिळाली. मिठीच्या काठावर आपण काय काय बांधलं ते मुलांना नकाशावर दिसेलच.

म्हणून प्रकल्पासाठी माझी सूचना. दोन्ही शहरांचे नकाशे एकाच प्रमाणात छापा, क्षेत्रफळ सारखंच असल्याने कागदही सारखेच लागतील. एकावर सात बेटांची जुनी रेषा काढायला सांगा, दुसऱ्यावर योशिदाच्या घंटेच्या आकाराच्या खाडीची. मग निळ्या पेन्सिलीने मिठी आणि त्सुरुमी, लाल पेन्सिलीने बोरीबंदर-ठाणे आणि शिंबाशी-योकोहामाची पहिली रेल्वे. चर्चगेट आणि कान्नाई या दोन स्टेशनांवर खूण करा. जमलं तर वर्गाला एकदा वरळीच्या मंदिरात न्या, ढोल वाजत असताना. योकोहामाच्या कार्यालयालाही एक पत्र पाठवा, आणि ते मुलांच्या हातचं असू द्या.